व्हल्वाच्या कॅन्सरमधली खाज, आग आणि जळजळ: घरी काय करायचं, डॉक्टरांना काय सांगायचं

बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरातली सगळी बोलणी ऑपरेशनची तारीख, खर्च आणि कुठलं हॉस्पिटल यांवरच चालतात. खाजेचं कुणी विचारत नाही आणि बाई स्वतःहून सांगत नाही. एवढं मोठं दुखणं समोर असताना खाज काय सांगायची, असं तिला वाटतं. वास्तविक रिपोर्ट ते ऑपरेशन, मग टाक्यांचे दिवस, मग रेडिएशन, या सगळ्या काळात झोप उडवते ती ही खाज आणि आग. तिच्यावर स्वतंत्र उपचार आहेत. कॅन्सरचा उपचार पूर्ण होईपर्यंत ती सोसत बसण्याची गरज नाही.

व्हल्वा म्हणजे योनीमार्गाच्या बाहेरचा भाग. त्यात आतले-बाहेरचे ओठ, लघवीच्या छिद्राभोवतालची जागा आणि शिस्निका, म्हणजे क्लिटोरिस, हे सगळं येतं. योनीमार्ग आतला, हा बाहेरचा. इथली कातडी पातळ असते, सतत दमट राहते आणि लघवी, घाम, कपडा यांचा मारा दिवसभर सोसते. म्हणून हातावर चालणारं मलम इथे झोंबू शकतं.

आधी खाज कशाची ते पाहा

निदान झालं की सगळी खाज कॅन्सरच्याच खात्यावर टाकली जाते आणि उरलेली कारणं तपासायची राहून जातात. गाठ किंवा व्रण खाजतो हे खरं आहे. त्याच्या आसपासचे कॅन्सरपूर्व चट्टेही खाजतात. पण एकाच बाईला एका वेळी दोन-तीन कारणं असणं अगदी नेहमीचं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं कारण म्हणजे लायकेन स्क्लेरोसस. यात कातडी पांढरट, पातळ, चुरगळल्यासारखी होते, भेगा पडतात, ओठ आक्रसतात आणि रात्री खाज वाढते. व्हल्वाचा कॅन्सर प्रामुख्याने दोन वाटांनी येतो. एक वाट एचपीव्ही विषाणूची. दुसरी अशा जुन्या त्वचारोगाची, आणि ती पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त दिसते. लायकेन स्क्लेरोसस असलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर कधीच होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्या उरलेल्या कातडीत मात्र तो आजार ऑपरेशननंतरही असतो आणि खाजतोही. म्हणून गाठ काढून झाल्यावरसुद्धा त्याचे उपचार चालू ठेवावे लागतात.

दुसरं कारण बुरशी, आणि इथे मधुमेह बघावाच लागतो. साखर वाढलेली असेल तर बुरशी पुन्हा पुन्हा होते. त्यातही डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू आहे का ते पाकिटावर वाचा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्यामुळे त्या जागी बुरशी होण्याचं प्रमाण वाढतं. गोळी मनाने बंद करू नका, पण कॅन्सरच्या आणि मधुमेहाच्या, दोन्ही डॉक्टरांना सांगा. उलट, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, मधुमेह नसलेली, अँटिबायोटिक किंवा हार्मोन न घेणारी बाई असेल, तर तिला बुरशी तुलनेने कमी होते. अशा बाईला वर्षानुवर्षं बुरशीचीच क्रीम दिली जाते आणि कुणी पडदा ओढून तपासत नाही, हे आपल्याकडे फार घडतं. निदान उशिरा होण्याचं ते एक मोठं कारण आहे.

तिसरं कारण वरून लावलेल्या वस्तूंचं. जंतुनाशक, सुगंधी वॉश, ओले वाइप्स, पॅड, मलमं. चौथं म्हणजे खोकलताना-शिंकताना निसटणारी लघवी. पाचवं, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झाल्याने येणारा कोरडेपणा. तुमच्या खाजेत यातलं काय काय आहे हे डॉक्टरांनी दिव्याखाली बघून आणि गरज पडली तर स्रावाचा नमुना तपासून ठरवायचं असतं. तोवर घरी करण्यासारखं बरंच आहे.

पहिलं पाऊल: लावायचं नाही ते बाजूला काढा

बाथरूममध्ये आणि उशाशी जे जे आहे ते एका पिशवीत भरा. डेटॉलसारखं जंतुनाशक, अंगाचा साबण, इंटिमेट वॉश, टाल्कम पावडर, केस काढायचं क्रीम, वाइप्स. इंटिमेट वॉशच्या जाहिराती काहीही म्हणोत, या जागेला त्याची गरज नसते आणि आजारी कातडीला तर मुळीच नसते.

त्याच पिशवीत मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली मिश्र मलमंही घाला. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकाच ट्यूबमध्ये असलेली. त्यांनी दोन दिवस बरं वाटतं, मग खाज दुपटीने येते. त्यात निओमायसिन असेल तर त्याचीच ॲलर्जी होऊ शकते. बेंझोकेन असलेली बधिर करणारी मलमंही याच कारणाने नकोत. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना पिशवी तशीच घेऊन जा. काय काय लावलं ते तोंडी सांगण्यापेक्षा ट्यूबच टेबलावर ठेवलेल्या बऱ्या.

घरगुती उपायांचं काय? तुरटी, लिंबू, व्हिनेगर, चुना, राख, बेकिंग सोडा, कापूर घातलेलं तेल हे व्रणावर अजिबात नको. हळद आणि कडुनिंबाचं पाणी निरुपद्रवी वाटतं, पण उघड्या कातडीवर तेही झोंबतं, शिवाय हळदीच्या रंगाने डॉक्टरांना कातडीचा मूळ रंग दिसत नाही. साधं खोबरेल तेल अखंड कातडीवर बऱ्याच जणींना चालतं. व्रणावर, टाक्यांवर आणि रेडिएशनच्या काळात मात्र विचारल्याशिवाय नको.

आणि पथ्य. वांगं, अंडी, मासे बंद करा म्हणजे खाज जाईल, असं चार घरांत तरी सांगतील. ज्याने अंगावर पित्त उठतं असा तुमचा अनुभव आहे तेवढंच टाळा. जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडी, मासे, डाळी, दूध या दिवसांत सोडणं म्हणजे स्वतःच स्वतःचं नुकसान करून घेणं.

धुणं, पुसणं, लावणं

दिवसातून एकदा, फार तर दोनदा, साध्या कोमट पाण्याने हाताने धुवा. घासणी नको, कपडा नको. पाणी कोपराला लावून बघा, गरम लागलं तर थांबा. कढत पाण्याने खाजेला क्षणभर छान वाटतं आणि अर्ध्या तासात ती चौपट होते. पाणी समोरून मागे जाऊ द्या. जेट स्प्रेची जोरकस धार व्रणावर मारू नका, तांब्याने हळू ओता.

मऊ सुती कपड्याने टिपून घ्या, घासू नका. ओल अंगावर असतानाच व्हॅसलीनसारख्या बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. तिने लघवी थेट कातडीला लागत नाही आणि घर्षण कमी होतं. ऑइंटमेंट आणि क्रीम यांतून निवडायचं असेल तर ऑइंटमेंट घ्या. क्रीममध्ये टिकवण्यासाठी रसायनं घातलेली असतात, ती जास्त झोंबतात. एक काळजी घ्या: पेट्रोलियम जेली मुरलेला कपडा पटकन पेट घेतो. गॅसपाशी किंवा देवापुढच्या दिव्यापाशी बसण्याआधी कपडे बदला आणि असे कपडे वेगळे, नीट धुवा.

आग फार असेल तर टबात बसण्याचा उपयोग होतो. कमोडवर बसणारा प्लास्टिकचा टब सर्जिकलच्या दुकानात मिळतो. कोमट पाणी, 10 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पाण्यात काही घालायचं तर डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. पोटॅशियम परमँगनेट किंवा बीटाडीन अंदाजाने ओतलं तर कातडी भाजू शकते.

कपड्यांचं थोडक्यात: सुती आणि सैल. घरात चड्डीशिवाय परकर किंवा गाऊन उत्तम, रात्री तर नक्कीच. लेगिंग नको. नऊवारी नेसणाऱ्या आजींचा काष्टा नेमका या जागेवर घासतो. काही महिने त्यांना गाऊनवर राजी करावं लागेल, आणि हे काम मुलापेक्षा लेक किंवा सून जास्त चांगलं करते. कपडे धुताना पावडर कमी घाला, दोनदा खळबळा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण आणि नीळ या कपड्यांना नको. स्राव येत असेल तर सुगंधी, प्लास्टिकच्या जाळीच्या पॅडऐवजी उन्हात वाळवलेला मऊ सुती कपडा किंवा सुती पॅड वापरा आणि ओला झाला की लगेच बदला.

स्टेरॉइडचं मलम दिलं असेल तर

लायकेन स्क्लेरोससमध्ये क्लोबेटासॉल 0.05 टक्के ऑइंटमेंट हा जगभरचा पहिला उपचार आहे. ट्यूबवर ‘नाजूक जागी लावू नये’ असं वाचून कित्येक जणी ते घाबरून बंद करतात. डॉक्टरांनी तपासून दिलं असेल तर ते लावा. नेहमीची पद्धत अशी: पहिले 4 आठवडे रोज रात्री, पुढचे 4 आठवडे एक दिवसाआड, मग 4 आठवडे आठवड्यातून दोनदा. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढं मलम बसतं ते साधारण अर्धा ग्रॅम, आणि एका वेळी त्याहून जास्त लागत नाही. या हिशेबाने 30 ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरते. ती महिनाभरात संपली तर तुम्ही जास्त लावताय.

कुठे लावायचं हे आरशात बघून डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून बोटाने दाखवून घ्या. गाठीवर, व्रणावर किंवा ज्याचं अजून निदान झालेलं नाही अशा चट्ट्यावर मनाने स्टेरॉइड लावू नका. मलम आणि व्हॅसलीन यांच्यात अर्धा तास तरी जाऊ द्या.

रात्रीची खाज

दिवसा लक्ष कामात असतं. रात्री अंथरुण गरम होतं, लक्ष तिकडेच जातं आणि झोपेत हात पोचतो. खाजवल्याने कातडी जाड होते, जाड कातडी आणखी खाजते. हे चक्र ‘खाजवू नको’ असं सांगून थांबत नाही. हाताला दुसरं काम द्यावं लागतं.

झोपायच्या आधी नखं बारीक कापून घासून घ्या. ओला सुती रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. खाज उठली की ती पिशवी सुती कपड्यात गुंडाळून 5 ते 10 मिनिटं त्या जागेवर ठेवा. बर्फ थेट लावायचा नाही. व्हॅसलीनची डबीही फ्रिजमध्ये ठेवता येते. खाजवण्याऐवजी तळहाताने कपड्यावरून दाबून धरा. झोपेत हात जातोच असं दिसलं तर सुती हातमोजे घाला.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी रात्रीपुरती देतात. सत्तरीच्या पुढच्या बाईला ही गोळी जपून द्यावी लागते. तिने तोल जातो, गोंधळल्यासारखं होतं, लघवी तुंबू शकते. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि सोबतीला कुणी असू द्या. खाजेपेक्षा टोचणं, करंट लागल्यासारखं होणं, जळणं जास्त असेल तर ते नसांचं दुखणं असू शकतं. त्याला ॲलर्जीच्या गोळीचा उपयोग नसतो. गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं लागतात. म्हणूनच ‘खाज आहे’ एवढंच न सांगता ती कशी आहे हे सांगायचं.

लघवी, संडास, बसणं

लघवी झोंबते म्हणून बायका पाणी कमी पितात. त्याने लघवी दाट होते आणि जास्त झोंबते. पाणी नेहमीसारखं प्या. लघवी करतानाच तांब्याने कोमट पाण्याची बारीक धार समोरून सोडत राहा, लघवी पातळ होऊन वाहून जाते. आधी व्हॅसलीन लावलेलं असेल तर आणखी सोपं. तरीही सहन होत नसेल तर लिग्नोकेन जेली, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, डॉक्टरांकडे विचारा. ती कधी, किती लावायची हे डॉक्टर सांगतील. अंदाजाने वारंवार लावू नये.

उकिडवं बसण्याने टाके आणि व्रण ताणले जातात. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणा. मांडी घालून बसणंही काही दिवस बंद. बसायला मऊ, सपाट उशी घ्या. मध्ये भोक असलेली गादी बऱ्याच जणी आणतात, पण तिने जागा खाली ओढली जाते. कुशीवर पडून दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवणं सगळ्यात आरामाचं. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन चालू असेल तर बद्धकोष्ठ होणारच हे धरून पहिल्या दिवसापासून पोट साफ करणारं औषध मागून घ्या. कुंथणं या जागेला परवडत नाही.

ऑपरेशननंतर

टाके भरताना खाजतात, ते अपेक्षित आहे. या जागेचे टाके थोडेसे उसवणंही बऱ्याचदा घडतं, कारण जागा दमट असते आणि हालचालीने ताणली जाते. घाबरून जाऊ नका, पण फोन करा. टबात कधी बसायचं हे सर्जनना विचारूनच ठरवा. तोवर तांब्याने धुऊन, टिपून, पाय जरा फाकवून पंख्याखाली पाच-दहा मिनिटं पडा. हेअर ड्रायरची गरम हवा नको.

लघवीची धार पूर्वीसारखी सरळ न येता फाकू शकते, मांड्यांवर येते. हे कुणी आधी सांगत नाही आणि बाई खजील होते. रुंद तोंडाचं प्लास्टिकचं भांडं समोर धरलं की काम भागतं. जांघेतल्या गाठी काढल्या असतील तर मांडीच्या वरच्या भागात बधिरपणा आणि मुंग्या काही महिने राहू शकतात आणि पायाला सूज येऊ शकते. सुजलेल्या पायाची कातडी कोरडी पडून खाजते, तिथे रोज मॉइश्चरायझर लावा आणि पाय खाजवू नका. छोट्या ओरखड्यातून जंतू शिरले की पाय लालबुंद होऊन थंडी-ताप भरतो.

रेडिएशन चालू असताना

शेक, म्हणजे रेडिएशन, घेताना पहिला आठवडा-दीड आठवडा काही वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कातडी लाल होते, खाजते, पुढे जांघेच्या घडीत सोलवटते आणि ओली राहते. सगळ्यात जास्त त्रास शेवटच्या आठवड्यात आणि संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत होतो. ‘शेक तर संपला, मग वाढतंय कसं?’ असं वाटतं, पण ही त्याची ठरलेली चाल आहे. पुढच्या काही आठवड्यांत कातडी भरते.

या काळात धुणं बंद करू नका, फक्त शेकासाठी कातडीवर काढलेल्या खुणेच्या रेषा घासू नका. काय लावायचं आणि शेकाच्या किती आधी लावायचं हे रेडिएशनच्या विभागातच विचारा. कातडी ओली झाली की न चिकटणारं ड्रेसिंग लागतं, साधा कापूस चिकटतो आणि काढताना सोलतो. दुखणं असह्य झालं तर खाडा करण्याआधी दुखण्याचं औषध वाढवून मागा. शेकात मध्येच पडलेले खाडे उपचाराला मारक ठरतात.

जखम उघडी असेल, वास येत असेल

या वासाने बाई नातेवाइकांपासून लांब बसू लागते, नातवाला जवळ घेत नाही. वास ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा असतो आणि त्यावर स्वस्त औषध आहे: मेट्रोनिडाझोल, जेलच्या रूपात किंवा गोळ्यांची पूड करून जखमेवर. ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. जखम उघडी ठेवू नका, माशी बसू देऊ नका. ड्रेसिंग काढण्याआधी सलाइनने भिजवा. रक्त आलं तर स्वच्छ कपडा घट्ट दाबून सलग 10 मिनिटं धरा, मध्ये उचलून बघू नका.

दुखणं, वास आणि न थांबणारी खाज हे पॅलिएटिव्ह, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या, विभागाचं काम आहे. उपचार चालू असतानाही तिथे जाता येतं, शेवटच्या टप्प्याची वाट पाहायची नसते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हा विभाग आहे. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर, मुंबईत वांद्र्याचं आणि गोव्यात लोटलीचं शांती अवेदना सदन ही नावं मराठी घरांना माहीत असलेली बरी.

डॉक्टरांना सांगायचं कसं

‘खाली त्रास होतो’ या वाक्यावर डॉक्टर काही करू शकत नाहीत. घरी कागदावर लिहून न्या आणि लाज वाटत असेल तर कागदच पुढे करा. उदाहरणार्थ: “डाव्या ओठावर वरच्या बाजूला खाज आहे. रात्री दोनदा झोपेतून उठवते. दहापैकी सात. लघवी करताना आग होते. क्लोबेटासॉल दोन आठवडे लावलं, थोडा फरक आहे. साखर 220 होती.” बाई डॉक्टर किंवा नर्स तपासणीला हव्यात असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचं क्रीम चालेल का, शरीरसंबंध कधी सुरू करायचे, त्या वेळी दुखू नये म्हणून काय करायचं, हे प्रश्नही त्याच कागदावर असू द्यात. ते प्रश्न साठीच्या बाईलाही असतात.

पुढच्या तारखेची वाट बघायची नाही अशा गोष्टी: 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप; जखमेभोवती पसरणारी लाली, पू; दाबूनही न थांबणारं रक्त; लघवी अडणं; एक पाय अचानक सुजून दुखणं; दम लागणं. किमोथेरपी चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.

उपचार संपल्यावर महिन्यातून एकदा उजेडात, हातआरसा घेऊन बघा. पलंगावर मागे टेकून, गुडघे दुमडून बसलं की नीट दिसतं. ओठ बोटांनी बाजूला करून आतला भाग, खाली गुदद्वारापर्यंतची जागा आणि मग दोन्ही जांघा चाचपा. नवा पांढरा, लाल किंवा काळसर चट्टा, खरखरीत उंचवटा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली भेग, जांघेत गाठ, किंवा आटोक्यात असलेली खाज एकाच ठिकाणी परत सुरू होणं, यातलं काही दिसलं तर तपासणी तीन महिन्यांनी असली तरी आधीची वेळ मागून घ्या.